कंसातली नावं

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल भाऊबीज झाली. दादाने साडी दिली, जांभळी. मागच्या वर्षीची पण जांभळीच होती. वहिनीचा हात दुकानात गेला की जांभळ्यावरच पडतो, त्याला ती तरी काय करणार. जेवून चारच्या आत घरी आले. घरी म्हणजे माझ्या भाड्याच्या दोन खोल्या. दादाचं घर दोन आळ्या सोडून. जन्म माझा तिथलाच, पण हल्ली तिथून निघताना मीच 'घरी जाते' म्हणते.

आज पाटी लागली. 'वारसनोंद, हक्कसोड, बँक व विम्याचे कागद करून मिळतील. श्रीमती सौदामिनी.' रंगाऱ्याने 'श्रीमती' एवढं मोठं काढलंय की बँकेआधी तेच दिसतं. बावीस वर्षं वकीलसाहेबांकडे टाईप केलं. दसऱ्याला त्यांनी ऑफिस बंद केलं आणि आठवण म्हणून मला जुना टाईपरायटर द्यायला निघाले. मी म्हटलं, साहेब, आठवण राहू दे, कॉम्प्युटर द्या. दिला बिचाऱ्यांनी.

माणूस गेलं की घरच्यांना काही सुधरत नाही. कुठला दाखला ग्रामपंचायतीत, कुठला तहसिलात, कुणाची सही आधी. रडवेल्या माणसाला रांगेत उभं राहायला लावू नये. त्यांच्या जागी मी उभी राहीन, एवढाच धंदा. हक्कसोडीचा मसुदा तर मला तोंडपाठ आहे. 'बंधूंविषयीच्या प्रेमापोटी व स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय.' फक्त नावं आणि गट नंबर बदलायचे. अप्पा गेले तेव्हा माझी हक्कसोडसुद्धा मीच टाईप केली होती. साहेब म्हणाले होते, सौदामिनीबाई, एक चूक नाही हो.

११ नोव्हेंबर, सोमवार

पहिलं गिऱ्हाईक आलं. वरवे बुद्रुकचा इंद्रजित, चाळिशीचा असेल. सुतकात म्हणून आत येईना, उंबऱ्यापाशीच उभा. वडील सोनबा सहा तारखेला गेले. पाठीमागे आई चंद्राबाई, हा, आणि एक बहीण सुलक्षणा. बहिणीला वेल्ह्याकडे दिली होती. नवऱ्याने दुसरी केली, तेव्हा ही नऊ वर्षांपूर्वी परत आली आणि तेव्हापासून बापाजवळच आहे. इंद्रजित कंपनीत कामाला, राहायला नसरापूरला.

"लवकर हुईल का, बाई? मला रजा न्हाई मिळत."

म्हटलं, दहाव्याला मी येते. सगळे वारस, पंच, पोलीस पाटील एका जागी असतात. झेरॉक्स आणि सह्या एका फेरीत होतात. एकदा तेरावं झालं की पाहुणे पांगतात आणि मग एकेका अंगठ्यासाठी महिना जातो. ही युक्ती साहेबांची नाही, माझी आहे. तो जरा चमकला. "दहाव्याला कागद?" मी म्हटलं, कोपऱ्यात बसेन, कोणाला कळणारसुद्धा नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळच्या एसटीने कापूरहोळ, तिथून जीप. नदीवर पन्नासेक माणूस. मी फाईल पदराखाली धरून झाडाखाली उभी.

पिंड ठेवले आणि कावळा काही शिवेना. समोर बाभळीवर चार-पाच बसलेले, पण खाली एक उतरेल तर शपथ. इंद्रजित हात जोडून म्हणाला, "अण्णा, आईला अंतर देणार न्हाई." कावळे ढिम्म. "शेत पडीक टाकणार न्हाई." तरी नाही. ऊन वर आलं, लोक घड्याळं बघायला लागले. मग सोनबांची बहीण, साळूबाई, लांबूनच म्हणाली, "आरं, सुलीचं बोल की. त्याचा जीव तिच्यात हाय."

इंद्रजितने बहिणीकडे बघितलं नाही. मान खाली घालून म्हणाला, "सुलीचं सुलीला देईन, अण्णा. तिला उघड्यावर टाकणार न्हाई."

आणि एक कावळा उतरला. कावळ्यांना तेव्हाच भूक लागायची होती असं मी मनात म्हटलं खरं, पण अंगावर काटा आला. सुलक्षणा तोंडात पदर कोंबून रडत होती. पस्तिशीची असेल, हात मात्र पन्नाशीच्या बाईचे.

झेरॉक्स सगळ्या मिळाल्या. प्रतिज्ञापत्रावर सह्याही झाल्या. सुलक्षणाने बोटं पुसून सही केली, एकेक अक्षर वेगळं काढून. तिला म्हटलं, छान सही आहे गं. ती म्हणाली, "अण्णांनी शिकवली. परत आले तवा. म्हनले, अंगठा द्यायचा न्हाई कुठं." असे बाप कमी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान होतं, सगळी कचेरी त्यात गुंतलेली. तलाठी भाऊसाहेब आज भेटले, डोळे तारवटलेले. वरव्याचा वारसाचा अर्ज घेतला त्यांनी. नोटिशीचे पंधरा दिवस, मग फेरफार मंजूर. पाटी बघून आणखी दोघं येऊन गेले. चाललंय बरं.

१० डिसेंबर, मंगळवार

वरव्याची वारसनोंद झाली. चंद्राबाई आणि सुलक्षणा दोघी उतारा न्यायला आल्या. इंद्रजितला रजा नव्हती. मी सातबारा पुढे ठेवला आणि दाखवलं, ही तुमची नावं. सुलक्षणा वाचत वाचत वर गेली आणि थांबली.

"अण्णांच्या नावाला ह्ये काय केलंय?"

म्हटलं, कंस आहे तो. माणूस गेलं की नावाला कंस करतात, वरून रेघ मारतात. कंसातलं नाव म्हणजे ते माणूस आता नाही.

तिने बोट नावांवरून खाली आणलं. "आनी आमी कंसाच्या भाईर."

"हो, तुम्ही बाहेर." चंद्राबाईंना हसू आलं, मलाही. महिन्याभरात त्या घरात कोणी हसलं असेल असं वाटत नाही. चहा केला. सुलक्षणाने तिन्ही कप विसळून पालथे घातले, नको म्हणत असतानाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळी इंद्रजित एकटा आला. हक्कसोड करायचीय. बहिणीची, त्याच्या नावे.

मी म्हटलं, नदीवर बोलला होतास ना? तो ओशाळला, पण उत्तर तयार होतं. "मी कुठं न्हाई म्हनतोय? वर्षाचं धान्य, सणाला साडीचोळी, आजारपान समदं माज्याकडं. वाटा म्हंजे काय जमीनच का?" त्यात चूक काय आहे. माझ्याही वेळी दादा हेच म्हणाला होता आणि अजून साडी चुकवलेली नाही.

मग त्याने दुसरा कागद काढला. हायवेजवळची जमीन, पुण्याच्या कोणा पार्टीला गोदामासाठी हवी आहे. हक्कसोड झाली की त्यांच्याशी विक्रीचं साठेखत. तेही मीच टाईप करायचं. मी गट नंबर बघितला. राहतं घर त्याच गटात आहे. 'त्यातील घरासह' असं त्या पार्टीच्या कागदात स्वच्छ लिहिलंय.

"घर पण जातंय का रे?"

"मोकळीच जागा पायजे त्यांना. आईला मी नेतो नसरापूरला. सुलीचं बगू कायतरी. तिला आत्ताच नका बोलू, बाई. उगा रडारड हुईल. दोन पोरं हैत मला, कंत्राटातली नोकरी, कवा घरी बसवतील सांगता येत न्हाई."

नालायक माणूस नाही तो. बोलताना डोळे भरले होते. आणि एका पक्षाचं दुसऱ्याला सांगायचं नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. साहेबांनी बावीस वर्षं पाळला, मी पाळला. मसुदा उघडला, नावं बदलली. अर्ध्या तासात झाला.

१७ डिसेंबर, मंगळवार

दादाचा फोन. नदीकडच्या आमराईचे प्लॉट पाडतोय. चांगला भाव आलाय म्हणे. "तुझी सही काही लागत नाही हं सौदू, ते आपलं तेव्हाच झालंय. फक्त जाहिरातीचा मजकूर जरा नीट करून दे. तुझी भाषा चांगली." दिला करून. 'आंब्याच्या सावलीत आपलं हक्काचं घर.' दादाला फार आवडला.

त्याचं चांगलं होतंय, मला आनंदच आहे. आमचे हे गेले तेव्हा मी आमराईतल्या राखणदाराच्या खोलीचं विचारलं होतं एकदा. खोली पडकी आहे, तिथे तू एकटी कशी राहणार, असं म्हणाला. काळजीपोटीच म्हणाला असणार.

 

१९ डिसेंबर, गुरुवार

सुलक्षणा आली, एकटीच. वरव्याहून इथवर यायचं म्हणजे दोन गाड्या बदलाव्या लागतात. पिशवीत वालाच्या शेंगा, माझ्यासाठी.

"सोमवारी सही हाय. दादा म्हनला, बाई समदं सांगतील. मला वाचून दावा."

मी वाचून दाखवलं. कसं वाचलं तेही लिहिते, खोटं कशाला लिहू. पहिलं पान सावकाश, नावांवर बोट ठेवून. मिळकतीच्या वर्णनाला आल्यावर गाडी जोरात सोडली. गट नंबर, क्षेत्र, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, 'झाडझाडोरा, घरदार, वहिवाटीसह'. एका दमात. साहेब असंच वाचायचे. पक्षकाराला तिथपर्यंत जांभई येते.

तिला जांभई आली नाही. तिने विचारलं, "सही न्हाई केली तर?"

मी म्हटलं, तुझा कायद्याने हक्क आहे, कोणी जबरदस्ती नाही करू शकत. पण माहेर तुटतं गं. सणावाराला दार उघडं राहिलं पाहिजे ना. मी पण केलीय सही. माझा भाऊ दर भाऊबीजेला बोलावतो.

"तुमी माहेरातच ऱ्हाता?"

"नाही. भाड्याने राहते. पण जवळच."

तिने खोलीभर नजर फिरवली. खाटेखालच्या विटा, खिडकीला लावलेला पुठ्ठा. "मला भाड्याचं न्हाई जमायचं," ती म्हणाली. "पन आमचं घर हाय ना, तवा काय काळजी न्हाई. जमीन दादाला जाऊ दे. अण्णांच्या खोलीत मी ऱ्हाईन, दोन शेळ्या हैत."

माझ्या तोंडाशी आलं होतं. नियम आठवला. म्हटलं, नोंदणी कचेरीतल्या साहेबांनी विचारलं 'स्वखुशीने देता का' की एकदाच, मोठ्याने, व्हय म्हणायचं. दोनदा विचारायची वेळ आणायची नाही. तिच्याकडून तीन वेळा म्हणून घेतलं. प्रत्येकाकडून घेते. आधी बाकावर बसवून सराव करून घेते, नाहीतर कचेरीत माणसं गडबडतात.

शेंगा निवडायला घेतल्या आणि तशाच ठेवल्या.

२३ डिसेंबर, सोमवार

आल्या आल्या लिहायला बसलेय.

नोंदणी कचेरीत अकराला नंबर लागला. इंद्रजित नवा शर्ट घालून. चंद्राबाई भिंतीला टेकून. सुलक्षणाने केस चापून बांधलेले, कपाळाला छोटी टिकली. मी नेहमीप्रमाणे ओळख पटवणारी म्हणून. आजवर शेकडो दस्तांवर माझी ओळखीची सही आहे.

नोंदणीच्या साहेबांनी सुलक्षणाला विचारलं, "हक्कसोड स्वखुशीने देताय ना? कोणाचा दबाव नाही?"

ती "व्हय" म्हणाली. एकदाच, मोठ्याने, शिकवल्यासारखं.

साहेब नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळले. "बाई, दस्त वाचून दाखवलाय ना यांना? समजलाय?" याला मी मान हलवते. मान हलवायची, सही करायची, पुढचा नंबर. बावीस वर्षांत याला दुसरं उत्तर असतं हे डोक्यात आलं नाही.

मी म्हणाले, "वाचलाय. समजेल असा नाही वाचलेला."

साहेबांनी चष्मा काढला. मी म्हणाले, "राहतं घर याच गटात आहे. ते पण सोडते आहे ती. हे मी तिला सांगितलेलं नाही."

कॉम्प्युटरवरचा मुलगा टाईप करायचा थांबला. सुलक्षणाने माझ्याकडे नाही, भावाकडे बघितलं.

"दादा, घर बी?"

इंद्रजितने मान खाली घातली.

"अण्णांची खोली बी?"

"तुला बगून दिली असती की खोली," तो म्हणाला. "नसरापूरला. मी काय उघड्यावर..." आणि तिथेच थांबला. नदीवरचा शब्द त्यालाही आठवला असेल.

सुलक्षणा उठली. पिशवी उचलून बाहेर गेली. साहेबांनी दस्त परत केला, नीट समजावून मग आणा म्हणाले. चंद्राबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, रडतील. शांतपणे म्हणाल्या, "ल्योक गेला माजा. तुमचं काय गेलं?"

मी फाईल घेऊन बाहेर आले. पायऱ्यांवर सुलक्षणा बसली होती. तिच्याशेजारी टेकले तर ती सरकली. म्हणाली, "गुरुवारी शेंगा घेतल्या तवाच सांगायचं हुतं."

३० डिसेंबर, सोमवार

आठवडाभर पाटीखाली कोणी थांबलं नाही. गावात पसरलंय की ही बाई ऐनवेळी उलटते. दोघांनी फाईली परत नेल्या. दादा म्हणाला, तुला कुणी सांगितलं होतं मधे तोंड घालायला, वकील आहेस का तू?

मी बरोबर केलं का? गुरुवारीच सांगितलं असतं तर तिघं घरात बसून बोलले असते, भांडले असते, काहीतरी तोडगा निघाला असता. चारचौघांत त्याची मान खाली घालायला लावली ती मी. आणि गप्प बसले असते तर तिची खोली गेली असती. दोन्हीकडून माझाच दोष दिसतो. साळूबाईंचा फोन येऊन गेला. इंद्रजितने वरव्याला येणं बंद केलंय, आईला घेऊन गेला. सुली एकटीच आहे. "घर ऱ्हायलं बाई तिचं," म्हणाल्या, "पन दिवेलागणीला सोबत कोन न्हाई." मग म्हणाल्या, कावळ्यानं ऐकलंय, भाऊ यील ताळ्यावर.

मसुदा उघडून बसले होते मघाशी. 'प्रेमापोटी व स्वखुशीने.' हे वाक्य मूळ कोणी लिहिलं असेल देव जाणे. स्वतःचं टाईप करताना मी काय विचार करत होते ते आठवायचा प्रयत्न केला. समासाचा विचार करत होते. समास बरोबर यायला हवा होता.

२० जानेवारी २०२५, सोमवार

सुलक्षणा आली. मी उठून उभीच राहिले. वाटलं, आता काहीतरी बोलेल. तिने चपला काढल्या, आत आली, माझ्या खुर्चीशेजारी खाली बसली. शेळी व्यालीय म्हणाली. इंद्रजित संक्रांतीला येऊन गेला. बोलला नाही, पण तिळगूळ घेतला. पुण्याच्या पार्टीला घराखालची आणि गोठ्याची जागा सोडून बाकीची चालते का विचारतोय, हे साळूबाईंकडून कळलं तिला. चालत असेल तर ती सही द्यायला तयार आहे.

"पन ह्या वक्ती तुमी सावकाश वाचा," म्हणाली. "माज्या बोटासंगं."

मी म्हटलं, वाचते. एकेक शब्द.

तिला ताजा उतारा हवा होता, घरात लावून ठेवायला. काचेत बसवणार म्हणे. काढून दिला. तिने आपलं नाव शोधलं, त्यावर बोट फिरवलं, दोनदा मोठ्याने वाचलं. मग वडिलांचं, कंसातलं.

का कोण जाणे, ती बसलेली असतानाच मी आमच्या आमराईचा गट नंबर टाकला. हक्कसोड केल्यापासून चौदा वर्षांत कधी बघितला नव्हता. नंबर मात्र पाठ होता. पान उघडलं. दादाचं नाव. त्याच्यावर अप्पांचं, कंसात, रेघ मारलेलं. अप्पांच्या खाली आणखी एक कंस.

सुलक्षणाला आता वाचायची चटक लागलीय. ती गुडघ्यावर उठून स्क्रीनजवळ आली आणि बोट लावून एकेक अक्षर जोडत गेली. अप्पांचं नाव वाचलं. मग खालचं. सौ, दा, मि, नी. मला गावात सगळे 'बाई' म्हणतात, पाटीवर 'श्रीमती'पुढचं बारीक नाव तिने वाचलं नसणार.

"ही कोन हो? तुमची बहीन?" तिने विचारलं. "ही बी गेली व्हय?"

मीच शिकवलं होतं तिला, कंसातलं माणूस आता नसतं म्हणून. तीच चूक दुरुस्त करायला हवी होती. हक्क सोडणाऱ्यांनाही कंस करतात, एवढं सांगायचं होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "ती मी."

तिने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग उठून आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं.